शेवंतीची काशी

एका राज्यात एक बाग होती. राजाही होता, पण तो मागाहून येईल. राजे उशिराच येतात. बागेत राजशेवंती होती. एकेक फूल पुरणपोळीएवढं, रंग हळदीचा, पाकळ्या एक हजार. मोजणारा कारकून मोजता मोजता म्हातारा झाला, म्हणून आकडा खरा मानायचा. फूल देखणं, पण जीव चिमणीचा. मार्गशीर्षात वारं जरा गार झालं की मान टाकायचं, आणि पौषात तर बागेत फुलाच्या नावानं शंख.

बागेचा माळी भिकोबा, माळीण हौसा. हौसा हातानं चालायची, भिकोबा तोंडानं. देवळात गेला तर पुजाऱ्याची थट्टा, तालमीत गेला तर पैलवानाची, सासुरवाडीला गेला तर सगळ्यांची.

हौसा म्हणे, "धनी, तुमच्या जिभेला एकदा हाड बसवून घ्या."

भिकोबा म्हणे, "हाड बसवलं तर गावचं कुत्रं मागं लागेल, हौसे."

एका पौषात उत्तरेच्या डोंगरावरून हिंवकेतू जादूगार खाली उतरला. त्याची दाढी गुडघ्यापर्यंत होती, आणि केसांची नव्हे, बर्फाची. चालला की किणकिण वाजे. ज्या झाडाला दाढी घासली ते झाड काळं पडे. जन्मताना एकदा रडला होता. त्यानंतर रडलाही नाही आणि हसला तर कधीच नाही. तो बागेत पाटाच्या कडेला येऊन उभा राहिला.

"माळ्या, शेवंतीचं फूल दे."

"बाबाजी, पौष चाललाय."

"मी महिना विचारला नाही. फूल मागितलं."

इथं शहाणा माणूस पायावर डोकं ठेवतो. भिकोबानं दाढीकडं पाहिलं. पाहिलं आणि चुकलं.

"पौषात शेवंती? ती तुमच्या दाढीत उगवेल, तेव्हा मिळेल बघा!"

बागेतले गडी खो खो हसले. जादूगार हसला नाही. त्यानं काठी जमिनीला टेकवली, आणि भिकोबाची पावलं जागच्या जागी दगडासारखी गोठली.

जादूगार म्हणाला, "तुझा शब्द आता तुम्ही माळ्यांनीच खरा करा. माझ्या दाढीत शेवंती उगवा. जी शेवंती हिंवात मरेल, काशी करून उठेल आणि भर पौषात फुलेल, तीच माझ्या दाढीत धरेल. तोवर तू इथंच उभा. आज पावलं गोठली. पुढच्या पौषात गुडघे, त्यापुढच्या पौषात छाती, आणि तिसऱ्या पौषाच्या अवसेला सूर्य मावळताना गळा. गळा गोठला की थट्टा संपली."

शाप दिला की उःशाप द्यावाच लागतो, नाहीतर शाप लागत नाही. जादूगारांचा तो नियमच आहे. उःशाप ऐकणाऱ्याला समजलाच पाहिजे, असा मात्र नियम नाही. हिंवकेतू आला तसा किणकिणत गेला.

आता राजा आला. नाव चंडप्रताप; पालीला भीत असे. त्याच्याबरोबर राजपंडित लंबोदरशास्त्री आले. त्यांनी डोळे मिटले, पोथी उघडली, म्हणजे दोन्ही कामं एकदम केली.

"महाराज, अर्थ उघड आहे. काशी करून उठेल. शेवंतीला काशीयात्रा घडवावी."

हौसा कोपऱ्यात उभी होती. माळ्यांच्या बोलीत काशी म्हणजे शेवंतीच्या बुडातून, मातीखालून फुटणारा कोंब. आईच्या पायाशी पोर उभं राहावं तसा तो उभा राहतो. तो मुळासकट काढून लावला की झालं नवं झाड. हौसानं जन्मात हजारो काश्या लावल्या होत्या. ती बोलायला गेली, शब्द ओठावर आला. मग तिला वाटलं, आपली काशी चिखलातली. शाप एवढ्या मोठ्या जादूगाराचा, अर्थ एवढ्या मोठ्या पंडिताचा. मोठ्या माणसांची काशी गंगेकाठचीच असणार. तिनं तोंड मिटलं.

त्या मिटल्या तोंडापायी भिकोबाचं एक वर्ष गेलं.

माघात राजशेवंती कुंडीत बसली, कुंडी पालखीत बसली, पालखीवर छत्र, पुढं भालदार, मागं शास्त्रीबुवा. आश्विनात पालखी परतली. कुंडी रिकामी.

राजानं विचारलं, "शेवंती कुठं?"

शास्त्रीबुवा म्हणाले, "काशीत पाऊल ठेवताच तिनं देह ठेवला. काशीत मेली, तिला मोक्ष मिळाला. आता ती परत कशी येईल?" तिच्या तेराव्याचे लाडूही शास्त्रीबुवा खाऊन आले होते.

हौसा पाटाकडं आली. भिकोबाच्या डोक्यावर तिनं तट्ट्यांची खोपी बांधली होती. तिथंच ती त्याला भरवी, तिथंच त्याची दाढी करी. खोपीवर एक साळुंकी येऊन बसली. त्या राज्यात पक्षी बोलत. न बोलणारा पक्षी दिसला तर लोक वैद्य बोलावत.

साळुंकी म्हणाली, "माळणी, काशी म्हणजे काय?"

"गंगेकाठचं गाव."

"कुणी सांगितलं?"

"शास्त्रीबुवांनी."

"त्यांनी कधी शेवंती लावली?"

"नाही."

"जादूगार बोलत कुणाशी होता?"

"माळ्याशी."

"मग काशी कुणाची?"

हौसानं कपाळावर हात मारला. भिकोबा म्हणाला, "जोरात मार, हौसे. वर्षाचा हिशेब आहे."

तिचे डोळे भरून आले, तेव्हा तो गप्प झाला. भिकोबा गप्प झाला म्हणजे गोष्ट खरीच वाईट होती.

साळुंकी म्हणाली, "राजशेवंती हिंवात मरते ती मुळापासून मरते. तिची काशी हिंवानंतर उठत नाही; तू ती हिंवाआधी काढून घरात ठेवतेस, म्हणून बाग चालते. तीन कामं कर. जखिणीच्या खिंडीतली रानशेवंती आण. राजशेवंतीशी तिचं लग्न लाव. पोरं होतील ती हिंवात उघडी ठेव. पहिलं काम पायांचं, दुसरं हातांचं, तिसरं काळजाचं."

हौसा त्याच दिवशी निघाली. सात दिवस चढ चढली. खिंडीत वारा असा, की शब्द तोंडातून निघाला की मागच्या गावात ऐकू येई. तिथं एक जखीण सोन्याच्या सात हंड्यांवर बसली होती. हंड्यांवर एक काळी घोंगडी पांघरलेली. भोवती माणसांसारखे दगड, प्रत्येकाचा एक हात पुढं. आणि दगडांच्या फटीतून रानशेवंती. फूल बटणाएवढं, रंग गंजलेल्या खिळ्याचा, वास ओव्याच्या जवळचा. हिंव तिच्यावर मिठासारखं पडलेलं, आणि ती आपली उभी.

जखीण म्हणाली, "माग. मागशील ते मिळेल. सोन्याला हात लावलास तर यांच्यात उभी राहशील."

"ते फूल दे."

"ते गवत आहे. शेळ्यासुद्धा खात नाहीत."

"शेळ्यांसाठी नेत नाही. मुळासकट दे. आणि ती घोंगडी दे. माझा नवरा गारठलाय."

सातशे वर्षांत जखिणीपुढं राजे आले, चोर आले. घोंगडी कुणी मागितली नव्हती. ती घोटाळली. "ही घोंगडी काढली तर सोनं उघडं पडेल. हिच्यातून सोन्याचा उजेडसुद्धा बाहेर पडत नाही, म्हणून तर पांघरली."

"मग वर माती लोट की."

"माती?"

हौसानं कमरेचं खुरपं काढलं आणि दुपारपर्यंत सात हंड्यांवर भर लावली, बटाट्याला लावतात तशी. सोन्याला हात लावला नाही. जखीण पाहतच राहिली. सातशे वर्षं राखण केली, पण मातीनं झाकायचं तिला सुचलं नव्हतं. ती उठली, कंबर सरळ केली, आणि आता बसायचं कारण उरलं नाही म्हणून माहेरी निघून गेली.

हौसा मार्गशीर्ष लागता लागता परतली. घोंगडी भिकोबाच्या अंगावर पडली. घोंगडीनं शाप थांबत नाही, पण हिंवाला चढताना धाप लागते.

राहिलं दुसरं काम. राजशेवंतीचं शेवटचं एक फूल बागेत उभं होतं. त्या फुलाला पाकळ्या इतक्या, की बी धरायची जागा पाकळ्यांच्या बुडाशी दडलेली. पाकळ्या कापल्याखेरीज तिथं दुसऱ्या फुलाचा पराग पोचत नाही. आणि राज्याचा कायदा शिळेवर कोरलेला होता: 'राजशेवंतीची पाकळी जो हाताने तोडील, त्याचा हात तोडावा.'

हौसा राजाकडं गेली. "महाराज, एका फुलाच्या पाकळ्या कापायची परवानगी द्या."

राजा म्हणाला, "आजोबांचा कायदा आहे. मला मोडता येत नाही. तुझा हात मात्र मोडता येतो."

हौसा परतली. भिकोबाचे गुडघे दुखू लागले होते, म्हणजे पौष जवळ आला होता. तिनं कात्री घेतली, उजवा हात पाहिला, डावा पाहिला. पाहून कात्री डाव्या हातात घेतली. उजवा खुरप्याला लागणार होता. फुलापाशी बसली. दोन पहारेकरी तलवार घेऊन मागं उभे राहिले. त्यांनाही वाईट वाटत होतं, पण तलवार धार लावून आणली होती.

भिकोबा ओरडला, "हौसे, थांब! मी गळ्यापर्यंत गोठलो तर एकटा मी जाईन. तुझा हात गेला तर मला भाकरी कोण थापणार?"

"गप्प बसा, धनी."

कात्री पाकळीला लागणार, तेवढ्यात साळुंकी फुलावर उतरली आणि चोचीनं एक पाकळी तोडली. मग दुसरी, मग तिसरी. पहारेकरी धावले.

साळुंकी म्हणाली, "शिळा वाच."

लंबोदरशास्त्री बोलावले गेले. त्यांनी शिळा वाचली, पुसली, परत वाचली. "महाराज, 'हाताने' असा शब्द आहे. चोचीचा उल्लेख नाही. आणि पक्ष्याला हात नसल्याने तोडायचे काय, हाही प्रश्न उरतो."

जन्मात पहिल्यांदा शास्त्रीबुवांची विद्या कुणाच्या तरी कामी आली. साळुंकीनं सगळ्या पाकळ्या कातरल्या. आत सापाच्या जिभेसारखी दुभंगलेली बारीक टोकं उघडी पडली. हौसानं खारीच्या शेपटीच्या केसांची कुंचली रानशेवंतीवर फिरवली, पिवळी धूळ उचलली आणि त्या टोकांना लावली. वर मलमलीचं फडकं बांधलं, म्हणजे कुण्या उडाणटप्पू माशीनं दुसराच नवरा आणायला नको. भिकोबानं जागेवरून मंगलाष्टक म्हटलं:

"नवरी टकली, नवरा गंजका, वऱ्हाडाला लाडू नाही,
तरी म्हणा हो शुभ मंगल, नाहीतर माझा गळा नाही!"

पौष आला. भिकोबाचे गुडघे गोठले. माघात फडकं सोडलं, तेव्हा आत कसपटाएवढ्या एकशे सात बिया होत्या.

चैत्रात बिया पेरल्या, आणि एकशे सात झाडं उगवली. काशी लावली की आईसारखंच झाड येतं. बी पेरलं की देवाची चेष्टा येते. आईबाप एक, आणि पोरं सतरा घरची! एक ठेंगणं, एक शेवग्यासारखं वाढणारं, एकाचं फूल पांढरं, एकाचं अर्धंच, एकाला नुसता गोंडा. एक मात्र राजशेवंतीसारखं सोनेरी आणि मोठं निघालं. राजा त्याच्यावर भाळला. आणि शेवटच्या सरीत एक तांबूस फुलाचं, बसकं, वाकडं झाड होतं. गडी त्याला खेकडी म्हणत.

मार्गशीर्ष सरला. हौसानं सगळी झाडं उघडी ठेवली. राजा पाच शाली घेऊन आला.

"सोनेरी झाकून ठेव."

"महाराज, जी झाकून जगते ती उःशापाच्या कामाची नाही."

"हा हुकूम आहे."

राजाचं झाड शालींत गेलं. बाकीची एकशे सहा तशीच उभी राहिली. हौसा बांधावर बसली. हात आवरायला तिनं ते पदरात गुंडाळून घेतले होते. लेकरं थंडीत उघडी टाकावीत आणि आईनं पाहत बसावं, असं ते तिसरं काम.

हिंवकेतू डोंगरावर उभा राहिला आणि त्यानं दाढी झटकली. सकाळी पाटाचं पाणी काचेसारखं झालं होतं. एकशे सहा झाडं जाळल्यासारखी काळी. शालीतलं झाडही गेलं. शाली दहिवरानं भिजल्या आणि त्यांच्याच भारानं ते मोडलं. हिंव भिकोबाच्या छातीशी पोचलं. त्याचे हात घोंगडीत दोन काठ्यांसारखे झाले.

"हौसे, गेली का सगळी?"

"गेली, धनी."

"शास्त्रीबुवांना सांग. तेराव्याला एकशे सात पानं होतील. महिनाभर पुरतील."

ती हसली नाही. तो श्वास घेई, तेव्हा आत कुठंतरी बर्फ तडकल्याचा आवाज होई.

जादूगार बागेत आला. काळ्या वाफ्यांकडं पाहिलं. "शेवंती मेली. एवढं तुम्हाला जमलं." आणि गेला.

गडी म्हणाले, वाफे उकरून टाकू. हौसानं कुणाला हात लावू दिला नाही. माघ गेला. फाल्गुनात ऊन मातीत उतरलं, तेव्हा ती बांबूची काडी घेऊन बसली आणि एकेका बुडाशी माती बाजूला करू लागली. पहिलं कुजलेलं. दुसरं कुजलेलं. दहा, वीस, पन्नास. साळुंकी पुढं पुढं चालत होती. शंभर. राजाचं सोनेरी उकरलं, ते तर पिठासारखं झालेलं. एकशे सहा कुजलेली. हौसाचा हात थांबला. शेवटचं एक राहिलं होतं, आणि ते उकरलं की संपलं. म्हणून तिला उकरवेना.

भिकोबा खोपीतून म्हणाला, "उकर गं. मी काय, उभाच आहे."

खेकडीच्या बुडाशी तिनं माती सारली. काळं खोड हातात आलं. त्याच्या खाली, मातीत, कोंबडीच्या नखाएवढा हिरवा कोंब होता.

"धनी! काशी!" ती ओरडली. "काशी घडली हो!"

लंबोदरशास्त्री रस्त्यानं चालले होते. ते थांबले. "कुणाला?"

साळुंकी म्हणाली, "तुम्हाला नव्हे."

तिसरं वर्ष लागलं. खेकडी वाढली, बसकी, दाट, हिरवीगार. श्रावणापर्यंत टोपलीएवढी झाली. हिंवकेतूनं ते डोंगरावरून पाहिलं. तो हसत नसे, पण तो मूर्ख नव्हता. भाद्रपदात त्यानं एक कंदील पाठवला. कंदील बागेवर आभाळात येऊन टांगला गेला. दिवस मावळला की पेटे आणि उजाडेपर्यंत जळे. राजा खूश झाला. "जादूगार मवाळला! भेट पाठवली!" तो बागेत चटई टाकून सारीपाट खेळू लागला. गावातल्या बाया कंदिलाच्या उजेडात तांदूळ निवडू लागल्या. तेल नाही, वात नाही, फुकटचा उजेड. फुकटच्या उजेडाला कोण नावं ठेवतो?

एरवी आश्विनात शेवंतीला कळ्या धरतात. बागेत एकाही झाडाला कळी धरली नाही. कार्तिकात धरली नाही. खेकडी नुसती पानांनी माजली. हौसानं खत बदललं, पाणी तोडलं, शेंडा खुडला. काही होईना. मग एका संध्याकाळी ती झाडापाशी बसली असता कंदील पेटला, आणि खेकडीच्या मिटू लागलेल्या पानांनी मान वर केली.

हौसा ताडकन उठली. "हिला दिवस मावळल्याचं कळतच नाही!"

शेवंती ऊन मोजत नाही, रात्र मोजते. रात्र लांबली की ती समजते, हिवाळा आला, आता फुलायचं. जिची रात्रच चोरली, ती जन्मभर पानं काढत बसते. कंदिलापर्यंत शिडी पोचेना, धोंडा पोचेना, बाणही अर्ध्यावरून परते. हौसानं झाडावर टोपली पालथी घातली. उजेड वेतातून झिरपला. गोणपाट टाकलं, झिरपला. राजाच्या शाली टाकल्या, झिरपला. जादूचा उजेड तो. त्याला अडवणारी एकच वस्तू त्या राज्यात होती. सोन्याचासुद्धा उजेड जिच्यातून बाहेर पडत नसे, ती.

मार्गशीर्षाचा पहिला दिवस होता. हौसा खोपीत आली आणि घोंगडीचा काठ चाचपत बसली. भिकोबानं तिच्याकडं पाहिलं.

"घोंगडी हवी ना?"

"सांजेपासून उजाडेपर्यंत. दिवसा परत पांघरते."

"कुणाला पांघरणार?"

"तिला."

"वा! लोकांत नवरा सवत आणतो. आमच्यात बायकोनं आणली, आणि माझंच पांघरूण तिला दिलं." मग त्याचा आवाज उतरला. "घेऊन जा, हौसे. पण माझ्याकडं बघत नेऊ नकोस. मला थट्टा सुचणार नाही."

तिनं पाठ करून घोंगडी ओढली.

रोज सांजेला घोंगडी झाडावर जाई, रोज उजाडता भिकोबावर येई. झाडाला रात्र मिळाली. भिकोबाला हिंव मिळालं. पंधरा दिवसांत खेकडीच्या शेंड्याला मोहरीएवढी कळी आली. पंधरा दिवसांत हिंव भिकोबाच्या गळ्याखालच्या हाडाशी आलं. कळी मिऱ्याएवढी झाली, तेव्हा त्याचे खांदे गेले. कळी बोराएवढी झाली, तेव्हा त्याला पाणी गिळवेना. कोण आधी पोचतं, कळी की हिंव, याच्यावर गडी पैज लावायचे. मग तेही लावेनात.

पौषाची अवस उजाडली. कळी मिटलेलीच.

हिंवकेतू सकाळीच आला. राजा आला, शास्त्री आले, गाव आलं. जादूगार पाटाच्या कडेला उभा राहिला, जिथं तीन वर्षांपूर्वी राहिला होता.

"फूल दे."

हौसा म्हणाली, "सूर्य मावळेपर्यंत माझा दिवस आहे."

"तो मावळायला कितीसा उशीर?"

दुपार झाली. कळी हलेना. दुपार कलली. हिंव भिकोबाच्या गळ्याच्या घाटीशी आलं. त्याचे ओठ निळे पडले, पण डोळे जागे. जादूगारानं दाढी झटकली; हिंवाची बारीक भुकटी उडाली आणि कळीवर बसली. गाव 'अरेरे' म्हणालं. राजशेवंती असती तर कळी तिथंच काळी पडती.

ही तांबूस झाली. हिंव टोचलं तसा तिला राग आला म्हणा, नाहीतर बापाची खिंड आठवली म्हणा. एक पाकळी सुटली. मग दहा. मग भर पौषात, बर्फाच्या भुकटीतून, वाटीएवढी तांबूस शेवंती उघडी झाली.

जादूगार म्हणाला, "फुलली. काशी केली याला पुरावा काय?"

हौसानं खुरपं घातलं आणि झाडाच्या बुडाची माती उकरली. "ही बघा. मेलेल्या आईचं हे खोड. त्याच्या पायाशी ही काशी उठली, तिचंच हे झाड. आणि हिच्या पायाशी ही नवी काशी. तुम्ही माळ्याशी बोललात, बाबाजी. माळ्याची काशी हीच."

लंबोदरशास्त्र्यांनी खाली वाकून पाहिलं. त्यांना घाम आला. पौषात.

"आता उभे राहा," हौसा म्हणाली. "दाढीत लावायची आहे."

आपलाच शब्द, जादूगाराला हलता येईना. सूर्य डोंगराला टेकला. भिकोबाच्या हनुवटीखाली बर्फ करकरला. हौसानं खुरप्यानं दाढीत खळगा केला, मूठभर माती घातली, फुलासकट झाड लावलं, वरून दोन बोटांनी दाबलं. माळणी दाबतात तसं. घट्ट नाही, सैल नाही.

काहीच झालं नाही. सूर्य अर्धा गेला.

मग खेकडीनं मूळ टाकलं. ती रानशेवंतीची लेक. दगडाच्या फटीत शिरणारं रक्त. मूळ बर्फातून सरसर वर गेलं आणि जादूगाराच्या हनुवटीला लागलं. जादूगाराची भुवई हलली. दुसरं मूळ गळ्याकडं गेलं, तिसरं कानामागं.

"काढ," जादूगार म्हणाला.

"कशाला? रुजतंय की."

"काढ, म्हणतो ना! मला... हे काय... हूं..." त्यानं ओठ दाबले. गाल फुगले. डोळ्यांतून पाणी आलं. सातशे मुळांनी मिळून त्याला गुदगुल्या केल्या, आणि हिंवकेतू जादूगार, जो जन्मात हसला नव्हता, तो "हिक्" म्हणाला.

हिक् म्हणाला आणि फुटला. हसला, वाकला, पोट धरून पाटाच्या कडेला बसला. तो हसला तशी दाढी तडकली, गुडघ्यापासून हनुवटीपर्यंत, आणि खेकडीसकट खळकन मातीत आली. आभाळातला कंदील विझला. सूर्य मावळला, आणि भिकोबाच्या गळ्यातलं हिंव पाणी होऊन खाली वाहिलं. छाती सुटली, गुडघे सुटले, पावलं सुटली. तीन वर्षं उभा असलेला माणूस दाणकन खाली बसला.

हौसा धावली. त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "धनी, बोला काहीतरी!"

भिकोबानं जादूगाराकडं पाहिलं. दाढीमागून बाहेर आलेली हनुवटी लहान होती, गोल होती, आणि तिच्यात खळी होती.

"बाबाजी," भिकोबा घोगऱ्या आवाजात म्हणाला, "एवढीशी हनुवटी झाकायला केवढा तो बंदोबस्त!"

हौसानं डोळे मिटले. आणि जादूगार परत हसला.

मग सगळं आपापल्या जागी गेलं. राजानं कायद्यात 'हाताने अथवा चोचीने' असं घातलं आणि साळुंकीनं त्याच शिळेवर बसून शेपटी उचलली. लंबोदरशास्त्र्यांनी कोशात काशी या शब्दाला दुसरा अर्थ जोडला. पहिला कोणता ठेवावा यावर ते अजून विचार करतात. हिंवकेतूला बागेत कामाला ठेवलं. दर पौषात नव्या रोपांवर त्यानं हिंव पाडायचं. जी टिकेल तिची काशी काढायची, आणि राज्यातल्या दारोदार वाटायची. खेकडीच्या फुलाला राजानं मोठं लांब नाव दिलं होतं. ते कुणाच्या लक्षात नाही. लोक तिला दाढीवाली म्हणतात, आणि पौषात तीच अंगणात फुलते.

घोंगडी मात्र भिकोबाची त्याला मिळाली. दोघं तीच पांघरतात, आणि हौसा म्हणते, सगळी तो आपल्याकडं ओढतो.

दाढी वितळली, गोष्ट उरली. शास्त्रीबुवांना काशी घडो, तुमच्या अंगणात काशी फुटो, आणि थट्टा करणाऱ्याला घरी हौसा मिळो.